गुंतवळ

केस विंचरून झाले की फणीच्या दातांत अडकलेले केस ओढून काढायचे, तर्जनीभोवती गुंडाळायचे, त्या वेटोळ्यावर हलकंसं थू-थू करायचं आणि मगच ते टाकायचं. या वेटोळ्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे : गुंतवळ. घरभर केस उडाले तर भांडणं होतात, कुणाच्या हाती लागले तर करणी होते, अशा समजुती त्याला चिकटलेल्या आहेत. त्यामुळे गुंतवळ कधी उघड्यावर टाकली जात नसे. भिंतीच्या फटीत, वाशाच्या सांदीत, परसातल्या झाडाच्या बुंध्याशी ती जायची.

पण बऱ्याच घरांत ती टाकलीही जात नसे. कोनाड्यात एखादा जुना पत्र्याचा डबा किंवा कापडी पिशवी असे, आणि गुंतवळ त्यात जमा होत राही. हा साठा कशासाठी, हे आजच्या वाचकाला सांगावं लागेल. तो गंगावनासाठी असे.

गंगावन म्हणजे केसांत मिसळायचा जादा केसांचा झुबका. वरचं टोक काळ्या दोऱ्याने आवळून बांधलेलं, खाली केस मोकळे. वेणी घालताना तो मानेपाशी आपल्या केसांत धरायचा आणि पेडांबरोबर गुंफून टाकायचा. शब्द मूळचा वनगाईच्या म्हणजे याकच्या शेपटीच्या केसांचा. हिमालयाकडून व्यापाऱ्यांच्या हातून हा माल खाली यायचा आणि त्याची दोन कामं होत. एक देवापुढे ढाळायची चवरी, दुसरं बायकांचं गंगावन. ज्यांना विकतचं परवडत नसे त्या स्वतःचीच गुंतवळ सोडवून, धुऊन, सारखी करून तिचं गंगावन बांधत. आईची गुंतवळ लेकीच्या वेणीत, थोरल्या जावेची धाकटीच्या अंबाड्यात, असंही चाले.

हिशेब करून पाहिला तर हे शक्य कसं होतं ते कळतं. माणसाच्या डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात आणि त्यातले रोज 50 ते 100 गळतात. हे गळणं निरोगी माणसाचं. दिवसाला 50 धरले तरी वर्षाला 18 हजारांवर केस होतात. त्यातले आखूड, तुटके वगळले तरी अंबाड्याला भर द्यायला उरलेले पुष्कळ. विरळ केसांवरचा आपल्याकडचा सगळ्यात खात्रीचा उपाय औषधी नव्हताच. जे गेलं ते जपून ठेवायचं आणि परत डोक्यावर बांधायचं, एवढाच तो होता.

ही काटकसर आपल्या एकट्यांची नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंड-अमेरिकेतल्या बायकांच्या आरशासमोर चिनीमातीची एक डबी असे, झाकणाला मधोमध बोट जाईल एवढं भोक. विंचरून आलेले केस त्या भोकातून आत ढकलायचे. पुरेसे जमले की जाळीत भरून त्यांची उशीसारखी गादी करायची आणि डोक्यावरच्या केसांखाली दडवून केशरचना फुगवायची. तिला तिकडे चक्क उंदीर म्हणत. आपलं गंगावन निदान नावाने तरी सुंदर आहे.

केसांचा हा भार हवाच कशाला, याचं उत्तर दागिन्यांत आहे. नऊवारीवरचा अंबाडा किंवा खोपा नुसता बांधून भागत नसे. त्यात मूद, राखडी, केतकी, अग्रफूल, आकडे खोचायचे, वर वेणी किंवा गजरा माळायचा. सोन्याचं फूल तोलायला खाली तेवढा केसांचा गोळा हवा. घरंदाज बाईचा अंबाडा सुपारीएवढा दिसला तर ती तिच्या एकटीची गोष्ट राहत नसे. चार बायका बघत आणि खाल्ल्यापिल्ल्याची, बाळंतपणांची, नशिबाची चर्चा होई.

बाळंतपणांचा उल्लेख सहज केलेला नाही. प्रत्येक केसाचं एक चक्र असतं. 2 ते 6 वर्षं तो वाढतो, मग साधारण 3 महिने विश्रांती घेतो आणि गळतो. गरोदरपणात केस वाढीच्या अवस्थेत जास्त काळ थांबतात. बाळंतपणानंतर ते एकदमच विश्रांतीत जातात आणि तीन-चार महिन्यांनी मुठीमुठीने गळू लागतात. बाळ आईला बघून हसायला लागलं की आईचे केस गळतात, अशी समजूत घरोघर होती. कारण चुकीचं, पण निरीक्षण चोख, कारण बाळ हसायला लागतं तेही त्याच सुमारास. हे केस पुढे परत येतात. मात्र दर दोन वर्षांनी पाळणा हलत असेल, घरात सगळ्यात शेवटी जेवायची रीत असेल आणि अंगात रक्त कमी असेल, तर ते पूर्ण भरून येण्याआधीच पुढची गळती सुरू होते. मुदतीच्या तापानंतरही असंच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला प्लेग आला, 1918 मध्ये इन्फ्लुएन्झा आला. एवढ्या तापातून उठलेल्या बायकांना दोन-तीन महिन्यांनी फणीत काय दिसलं असेल, हे कोविडनंतरचा अनुभव असलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आणि मग उपायच रोगाला हातभार लावी. विरळ केसांत जड गंगावन गुंफून, वर घट्ट अंबाडा आवळून, तोही वर्षानुवर्षं त्याच जागी, असं केलं की मुळांवर सतत ताण येतो. कपाळाच्या कडेचे आणि कानांवरचे केस आधी जातात. ओढ फार दिवस राहिली तर ती मुळं कायमची मरतात. भांग रुंद होत जाणं हा वयाचा आणि संप्रेरकांचा वेगळा प्रकार. लुडविग नावाच्या डॉक्टराने 1977 मध्ये बायकांच्या केस विरळ होण्याच्या पायऱ्या मांडल्या त्या याच प्रकाराच्या. पण जुन्या छायाचित्रांत प्रौढ बायकांची कपाळं इतकी मोठी का दिसतात, याच्या उत्तरात अंबाड्याचाही वाटा धरायला हवा.

फणीबद्दल थोडं. आपण आज फणी आणि कंगवा सरसकट एकाच अर्थाने वापरतो, पण फणी म्हणजे दोन्ही बाजूंना बारीक दात असलेली, मुळात लाकडाची किंवा शिंगाची. तिचं खरं काम उवा-लिखा काढण्याचं. कंगव्याचे दात विरळ. गुंता सोडवायचा तो कंगव्याने, टोकाकडून सुरुवात करून हळूहळू वर सरकत. मुळापासून खाली एकदम फणी ओढली की गाठ घट्ट होते आणि केस मध्येच तुटतो. ओला केस जास्त ताणला जातो, म्हणून नाहल्यावर लगेच फणी लावू नये. हे कुठल्या ग्रंथात वाचून नव्हे, पाठीमागे बसून वेणी घालणाऱ्या आज्यांना हाताने ठाऊक होतं. तेल लावून मग विंचरण्यामागेही घर्षण कमी करण्याचं साधं तंत्र आहे. तेलाने केस उगवतात, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. माका, ब्रह्मी, जास्वंद, आवळा, वडाच्या पारंब्या या सगळ्यांबद्दल मासिकांतल्या जाहिरातींनी गेली शंभर वर्षं जे वचन दिलं, त्यातलं फार थोडं टिकतं. खोबरेलाबद्दल एक गोष्ट टिकते. रेळे आणि मोहिले या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना-विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसं होत नाही. हे दोघेही खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतले होते. ते ध्यानात ठेवावं, तरी निष्कर्ष नाकारण्याचं कारण नाही. म्हणजे आहे तो केस तुटू नये, एवढं तेलाचं काम.

इथवर ज्या बायकांबद्दल लिहिलं त्यांच्या हातात फणी होती. हरतालिकेच्या वाणात किंवा देवीच्या ओटीत बांगड्या, काळे मणी, आरसा आणि करंडा यांच्याबरोबर फणीही असते. विंचरणं हे सौभाग्याचं काम होतं, हे त्या वाणातच लिहिलेलं आहे. कोल्हापूरच्या परिसरात गुंतवळ नसलेल्या बायकाही होत्या. दोन तऱ्हेच्या.

पहिल्या तऱ्हेच्या बायकांचं डोकंच भादरलेलं असे. ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही जातींत विधवेचं केशवपन होई. एकदाच नव्हे, केस वाढले की पुन्हा पुन्हा. बारा-चौदा वर्षांच्या मुलीपुढे न्हावी बसे. हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूचा शेवट ज्यांनी वाचला आहे त्यांना हे दृश्य विसरता येत नाही. त्याच सुमारास, 1890 साली, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं. सुधारकांची व्याख्यानं पुष्कळ झाली होती, पण वस्तरा ज्याच्या हातात त्यानेच तो खाली ठेवणं ही वेगळी गोष्ट होती. महाराष्ट्रातल्या सुधारणेच्या इतिहासात या सभेला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असं मला वाटतं. शेतकरी आणि कारागीर जातींत पाट लावण्याची रीत होती, तिथे विधवेचे केस राहत. कुंकू आणि बांगड्या मात्र जात. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये विधवा पुनर्विवाहाला कायद्याचं बळ दिलं. त्यानंतर शंभरावर वर्षांनी, मे 2022 मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने तो इतर गावांपुढे ठेवला. ठरावात कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं यांचा उल्लेख आहे. केसांचा नाही. तेवढा भाग तोवर इतिहासजमा झाला होता.

दुसऱ्या तऱ्हेच्या बायकांच्या डोक्यावर केस होते, फणी नव्हती. या यल्लमाच्या जोगतिणी. सौंदत्तीचं देऊळ बेळगाव जिल्ह्यात, पण मार्गशीर्षातल्या पौर्णिमेच्या यात्रेला कोल्हापूरहून एसटीच्या गाड्या भरभरून जातात आणि परतल्यावर शहरातल्या ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबिलीची यात्रा भरते. या साऱ्या मुलखात एखाद्या मुलीच्या केसांत गुठळी दिसली की देवीची जट आली, असं मानलं जाई. मग त्या केसांना फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच. वर हळद आणि तेल वाहायचं. जट वाढत जाई आणि मुलगी देवीला सोडली जाई. पुढे तिचं काय होई हे सांगायला नको.

जट कशी होते यात गूढ काही नाही. गळलेला केस विंचरून बाहेर काढला नाही तर तो शेजारच्या जिवंत केसांत अडकतो. तेल, धूळ, घाम आणि हळद त्याला चिकटतात, लोकरीचा नमदा होतो तसा तो घट्ट होतो. रोज निघायला हवी होती ती 50-100 केसांची गुंतवळ डोक्यातच राहिली, वर्षानुवर्षं साठली, म्हणजे जट. तिचं वजन मानेला ओढतं. आत उवा होतात, त्वचेला जखमा होतात, आणि मूळचे केस त्या ओढीने विरळ होतात. गंगावनाच्या ओढीचा प्रकार इथे कितीतरी पट मोठा.

शाहू महाराजांनी 1920 मध्ये जोगत्या-मुरळी प्रथेविरुद्ध कायदा केला. 1934 मध्ये मुंबई इलाख्याने देवदासी संरक्षणाचा कायदा केला. तरीही 1975 मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरवावी लागली. बाबा आढाव आणि त्यांचे सहकारी या कामात होते, आणि गडहिंग्लज-निपाणी भागात पुढे देवदासींच्या संघटना उभ्या राहिल्या. या चळवळीच्या मागण्या पोटापाण्याच्या होत्या : पेन्शन, मुलांचं शिक्षण, घर. पण तिचं एक काम अगदी हाताने करायचं होतं, जट सोडवण्याचं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी पुढे ते नेटाने चालवलं. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी अशा शेकडो जटा काढल्या आहेत. बाईची समजूत काढण्यात, घरच्यांची भीती घालवण्यात महिने जातात, कात्री चालवायला तास-दोन तास. नंतर त्या बाईला कंगवा दिला जातो. डोकं हलकं लागतं, मान वळवता येते, उताणं झोपता येतं, असं बायका सांगतात. पन्नास-साठ वर्षांच्या बाईने पहिल्यांदा आपल्या केसांतून कंगवा फिरवणं ही केसांची निगा या विषयातली सर्वांत महत्त्वाची घटना असावी, पण सौंदर्यसल्ल्याच्या सदरांत ती येत नाही.

पुरुषांचं सांगायचं राहिलं. संगीत नाटकांच्या काळात स्त्रीपार्ट करणारे नट केस वाढवत आणि त्यांची बायकांसारखी निगा राखत. कोल्हापूर नाटकवाल्यांचं गाव. केशवराव भोसल्यांचं नाव असलेलं इथलं नाट्यगृह 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलं आणि ऑगस्ट 2024 मध्ये आगीत भस्मसात झालं. त्या रंगमंचावर ज्या वेण्या-अंबाड्यांनी लोकांना वेड लावलं ते पुरुषांचे होते. पुढे 1920 मध्ये बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’त स्त्रियांनाच उभं केलं आणि पडद्यावर तरी ते दिवस सरू लागले. पुरुषाला टक्कल पडलं तर पागोटं-फेटा होताच. पुरुषाच्या टकलावर विनोद होतात. बाईच्या विरळ केसांवर कुजबुज होते, आणि कुजबुज विनोदाहून जास्त दिवस टिकते.

घरात साठणाऱ्या गुंतवळीला मग गिऱ्हाईक आलं. डोक्यावर टोपलं किंवा सायकलला पिशव्या अडकवून गल्लीत येणारे फेरीवाले. केसांवर फुगे, केसांवर पिना, केसांवर भांडी. लहान मुलं आजीचा डबा रिकामा करून फुगा मिळवत. पुरेसे केस असले तर स्टीलची वाटी मिळे. आजही खेडोपाडी ही हाळी ऐकू येते. केस कुठे जातात, हे घेणाऱ्या बाईला बहुधा ठाऊक नसतं.

ते आधी जातात दक्षिणेला. हुबळीच्या पुढे कोप्पळला लागून भाग्यनगर नावाचं गाव आहे. तिथे घरोघर केस सोडवण्याचा, निवडण्याचा, लांबीनुसार जुड्या बांधण्याचा धंदा चालतो. तिथून पुष्कळसा माल वर्षानुवर्षं म्यानमार आणि चीनकडे गेला. म्यानमारमधल्या प्याव्ब्वे गावात बायका बसून एकेक गोळा सुईने सोडवतात, हे एमा टार्लो या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 2016च्या आपल्या पुस्तकात तपशिलाने लिहिलं आहे. तिरुपतीला उतरवलेले केस आणि गुंतवळ यांच्या किमतीत मोठा फरक असतो. केसाच्या अंगावर माशासारखे खवले असतात, त्यांची दिशा मुळाकडून टोकाकडे. कापलेल्या केसांची जुडी एका दिशेने राहते. गुंतवळीत कुणाचं मूळ कुठे आणि टोक कुठे ते कळत नाही, खवले एकमेकांत अडकतात आणि टोप चार दिवसांत जटेसारखा होतो. म्हणून हे केस आम्लात बुडवून खवलेच काढून टाकतात, वर सिलिकॉनचा मुलामा देतात, आणि तेही जगभरच्या टोपांत आणि जोडवेण्यांत जातात.

या धंद्याला जागतिक राजकारणानेही हात लावला. 1965 मध्ये अमेरिकेने साम्यवादी चीनच्या केसांना बंदी घातली, तेव्हा कोरिया आणि भारत यांचं फावलं. आपल्या सरकारने जानेवारी 2022 मध्ये कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, कारण माल म्यानमारमार्गे चोरून जाई आणि इथल्या कारागिरांचं काम बुडे. या हिशेबांत कारागीर येतात, निर्यातदार येतात, कर येतो. ज्या डोक्यावरून केस गळला ती बाई वाटी घेऊन घरात गेलेली असते. तिचा स्वतःचा अंबाडा आता नायलॉनच्या गंगावनाने भरतो. महाद्वार रोडवर बांगड्या आणि टिकल्यांच्या दुकानात ते टांगलेलं असतं.

केस गळण्याची लाज अजूनही किती धारदार आहे, हे जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात दिसलं. शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस दोन-चार दिवसांत हातात येऊ लागले, बायका-मुलींसकट. आधी शाम्पूवर संशय आला, मग पाण्यावर. आयसीएमआरचं पथक येऊन गेलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः नमुने तपासून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. दरम्यान गावांतल्या सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या. रेशनच्या धान्यात काय आहे हा प्रश्न, आणि चर्चा मात्र मुलींच्या लग्नांची.

त्वचारोगतज्ज्ञांकडे बायका अजूनही गुंतवळ घेऊन जातात, प्लास्टिकच्या पिशवीत, कधी तारीख घालून. डॉक्टर तिला हसत नाहीत. केस मुळापासून आला की मध्ये तुटला, हे त्यातून कळतं. मोजण्याची एक सोपी रीतही आहे. डोकं पुढे झुकवून 60 सेकंद कंगवा फिरवायचा आणि उशीवर पडलेले केस मोजायचे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात निरोगी माणसांचे सरासरी 10 केस पडले. मात्र त्या अभ्यासात 60 जण होते आणि सगळे पुरुष.